दुसरा ब्रेक

“तुमची सिस्टीम फार जुनी झाली आहे. तिच्यावर हा प्रोग्राम चालणार नाही,” असं संगणकाच्या पडद्यावर उमटलं, तेव्हा ब्रेकमास्तरांना क्षणभर वाटलं की हे आपल्यालाच उद्देशून आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

“बघितलंत? मी म्हणत नव्हते?” बाई म्हणाल्या. “याच्यावर काही माझा वर्ग भरत नाही.”

वर्ग म्हणजे शिवणाचा वर्ग. बाईंनी सगळी नोकरी शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून त्या उशांचे अभ्रे पुन्हा पुन्हा उसवून पुन्हा पुन्हा शिवत होत्या. मग एका संस्थेचा फोन आला. घराबाहेर पडू न शकणाऱ्या बायकांना संगणकावरून शिवण शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. बाई “हो” म्हणाल्या. हा “हो” इतका टवटवीत होता, की आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे मास्तर उठून बाहेर आले होते. पहिला वर्ग सोमवारी होता आणि लेकीच्या कॉलेजच्या काळातला हा संगणक आता आयत्या वेळी हात वर करत होता.

“आई, त्यात काय एवढं?” लेक फोनवर म्हणाली. ती परगावी राहायची. “नवीन सिस्टीम फुकट मिळते. ती इंटरनेटवरून उतरवायची, पेनड्राइव्हवर चढवायची आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. बूटेबल पेनड्राइव्ह म्हणतात त्याला. पुढच्या महिन्यात मी येतेच आहे, तेव्हा करून देईन.”

“पुढच्या महिन्यात कशाला? मी करते की. तू नुसतं सांग.”

“तू?”

“मी. शर्टाची कॉलर बसवते मी, पेनड्राइव्ह काय घेऊन बसलीस!”

ब्रेकमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते लोकांना मोटार चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या. शहरातले निम्मे चालक मास्तरांच्या हाताखालून, किंवा खरं सांगायचं तर पायाखालून, गेले होते. मास्तर शिकवताना फारसं बोलत नसत. “थांबा” हा एकच शब्द त्यांना पुरत असे, आणि तो तोंडातून निघायच्या आधी पाय खाली गेलेला असे.

इतक्या वर्षांत त्या पायाला स्वतःचा स्वभाव आला होता. दूध वर आलं की मास्तरांचा पाय स्वयंपाकघराच्या फरशीवर दाबला जाई. सिनेमात कुणी कड्याच्या टोकाशी गेलं की पुढच्या खुर्चीतला माणूस दचकून मागे बघे. लेकीने लग्नाच्या नोंदवहीत सही करायला पेन उचललं, तेव्हाही मास्तरांनी भर कचेरीत करकचून ब्रेक लावला होता. लग्न काही थांबलं नाही, ही गोष्ट वेगळी. मास्तरांना यातलं काहीच कळत नसे. आपलं नाक जसं आपल्याला दिसत नाही, तसा हा पाय त्यांना दिसत नव्हता.

बाईसुद्धा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अशाच दोन ब्रेकच्या गाडीत बसून शिकल्या होत्या. म्हणजे शिकायला लागल्या होत्या. त्यांनी चाक हातात घेतलं की गाडी चार हात जायची आणि थांबायची. पुन्हा जायची, पुन्हा थांबायची. शेवटी एक दिवस “हे आपलं काम नव्हे” म्हणून त्या उतरल्या. मास्तरांनी आग्रह केला नाही. बायको रस्त्यावर गाडी चालवते आहे ही कल्पनाच त्यांना सोसत नसे.

तर असे मास्तर खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले.

“तुम्ही कशाला?” बाई म्हणाल्या.

“कशाला म्हणजे? शिकणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी बसायला नको?”

टेबल अरुंद होतं. वर पडदा, कीबोर्ड आणि बाईंची सुयांची डबी एवढंच मावत असे. म्हणून संगणकाचा मुख्य डबा टेबलाखाली, जमिनीवर आडवा ठेवला होता. त्याच्या दर्शनी बाजूला दोन बटणं होती. मोठं बटण चालू करायचं. लहान कशाचं, ते या घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही पडली नव्हती.

फाइल उतरवण्यात सगळी सकाळ गेली. हे काम आपोआप होत होतं, त्यामुळे मास्तर अंघोळ करून, बाजार करून आले. खरी कसोटी दुपारी सुरू झाली. बाईंनी पेनड्राइव्ह खोचला, लेकीने सांगितलेला प्रोग्राम उघडला आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: “या ड्राइव्हवरील सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचं?”

“थांब!” मास्तर म्हणाले.

“थांबायचं कशाला? रिकामाच तर आहे तो.”

“सर्व माहिती म्हणतोय अगं. सर्व!”

“सर्व म्हणजे त्यात असेल तेवढी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ‘हो’वर टिचकी मारली.

हिरवी पट्टी जेमतेम पुढे सरकली असेल नसेल, पडदा काळा झाला. मग संगणक बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह उगवलं आणि यंत्र पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं. पण आत अर्धवट भरलेला पेनड्राइव्ह होता. त्याच्याकडे बघून ते घुटमळलं आणि काळ्या पडद्यावर त्याने कळवलं की, सुरू करण्यासारखं काहीही सापडत नाही.

“मेलं वाटतं,” मास्तर हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी लेकीला फोन लावला. लेकीने पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करायला सांगितलं. संगणक मुकाट सुरू झाला. “पेनड्राइव्ह खराब असेल,” लेक म्हणाली. “नवीन घे.”

मास्तर तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. “चांगला द्या,” त्यांनी बजावलं. दुकानदाराने एक काढून दिला आणि सांगितलं, “हा कुत्र्याने चावला तरी चालेल.” घरात कुत्रं नसल्यामुळे मास्तरांना फार धीर आला.

दुसऱ्या खेपेला हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढे गेली. बाई श्वास रोखून बसल्या होत्या. मास्तर त्यांच्याहून जास्त रोखून बसले होते. तेवढ्यात कोपऱ्यातून एक चौकट उडी मारून वर आली: “एक अनोळखी प्रोग्राम बदल करू इच्छितो. परवानगी द्यायची?”

“अनोळखी!” मास्तर ओरडले.

“अहो, आपलाच आहे तो,” बाई म्हणाल्या आणि परवानगी द्यायला त्यांनी हात उचलला. हात पोचायच्या आत पडदा काळा.

आता फाइलवर संशय आला. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा उतरवली. मग विजेवर संशय आला. मास्तरांनी घरातला फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, दारावरच्या घंटीची वायरसुद्धा काढली. घामाघूम होऊन दोघं टेबलापाशी बसली. हिरवी पट्टी शेवटाच्या अगदी जवळ आली, आणि बाहेर दार ठोठावत असलेली शेजारीण, घंटी वाजत नाही म्हणून, खिडकीशी येऊन “काकूऽऽ” अशी किंचाळली. दोघं दचकली. पडदा काळा झाला.

फ्रिजमधलं दूध नासलं ते वेगळंच.

“मी मेकॅनिकला बोलावतो,” मास्तर म्हणाले. “इंजिन तपासल्याशिवाय चालवणाऱ्याला दोष द्यायचा नसतो.”

दुरुस्तीवाला आला. त्याने टेबलाखालचा डबा ओढून खोलीच्या मधोमध आणला, उघडला, फुंकर मारून धूळ उडवली, वायरी हलवून पाहिल्या. मग एक मोठीच्या मोठी फाइल पेनड्राइव्हवर चढवायला घातली आणि मास्तरांनी केलेला चहा प्यायला. मास्तर भिंतीला टेकून शांतपणे उभे होते. जाणकार माणूस चालवत असला की त्यांना कसलीच धास्ती वाटत नसे. फाइल सुतासारखी सरळ गेली. त्याने ती पुसून पुन्हा घातली. पुन्हा गेली.

“मशीन ठणठणीत आहे,” तो डबा परत टेबलाखाली सरकवत म्हणाला.

“मग माझ्याकडूनच असं का होतं?” बाईंनी विचारलं.

“असतं काही जणांचं, मावशी. मशीन हाताला येत नाही. माझी आई मोबाइलला हात लावते आणि तो बंद पडतो. तुम्ही कशाला त्रास घेता? मी देतो करून.”

“नको,” बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या पुन्हा बसल्या. हात साडीला पुसून, ताठ. मास्तरांना त्यांची फार कीव आली आणि ते खुर्ची आणखी जवळ ओढून, अगदी खेटून बसले. “घाबरू नकोस,” ते म्हणाले. “मी आहे ना इथे.”

लाल अक्षरं आली. “पुढे जायचं?” बाईंनी ‘हो’ म्हटलं. पडदा काळा झाला.

या वेळी बाईंनी लेकीला फोन केला नाही. पेनड्राइव्ह काढून सुयांच्या डबीत टाकला आणि झाकण लावलं.

“माझ्याच हातात काहीतरी दोष आहे,” त्या म्हणाल्या. “मी हात लावला की थांबतं सगळं. आता या वयात बायकांना शिकवायला निघाले होते. उद्या दुपारी कळवून टाकते संस्थेला, दुसरं कुणीतरी बघा म्हणून.”

समजूत घालण्यात मास्तर पहिल्यापासून कच्चे होते. त्या रात्री जेवणात मीठ नव्हतं आणि मास्तरांनी ते मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंची शिकवणी होती. भल्याभल्यांच्या अक्कलदाढा उपटणाऱ्या या बाई चाकामागे बसल्या की हॉर्न वाजवायलाही घाबरत. गाडी एका शांत रस्त्याने निघाली. लांबवर एक सायकलवाला दिसला. इतका लांब, की तो सायकलवर आहे हे नीट बघितल्यावरच कळत होतं. गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली.

डॉक्टरीणबाईंनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सर, मी सोडून देते,” त्या म्हणाल्या. “रोज हेच. मी काहीसुद्धा करत नाही आणि गाडी आपोआप थांबते. माझ्याच हातात काहीतरी दोष आहे.”

“छे हो, तुमचा काय दोष?” मास्तर सहज म्हणाले. “ब्रेक मी लावला.”

“तुम्ही?”

“मग? तो सायकलवाला नाही का?”

“रोज तुम्हीच लावता?”

“मीच. दुसरा ब्रेक त्यासाठीच तर असतो.”

“मग सांगायचं नाही का?” डॉक्टरीणबाई आता रडत नव्हत्या. रुग्णाला रागावतात तशा त्या रागावल्या होत्या. “मी रोज घरी जाऊन विचार करते, माझं काय चुकतं म्हणून! तुमचा पाय मला दिसत नाही ना इकडून!”

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय अजूनही ब्रेकवर घट्ट होता. गाडी कधीची बंद पडली होती, सायकलवाला कधीचा निघून गेला होता, तरी पाय आपला तिथेच. मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच त्या पायाकडे नीट बघत होते. मग त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काहीतरी आलं. अरुंद टेबल. खेटून ठेवलेली खुर्ची. टेबलाखालचा आडवा डबा आणि त्याच्यावरचं ते लहान बटण.

“सरका,” मास्तर म्हणाले. “गाडी मी घेतो. मला घरी जायचंय.”

“तास संपला नाही अजून!”

“उद्या दोन तास देतो. आणि उद्या मी पायताण गाडीबाहेर ठेवून, मांडी घालून बसेन. पण आत्ता सरका.”

घरी बाई फोन हातात घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. “संस्थेला लावला होता, पण कुणी उचलला नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा करते.”

“करू नकोस. आधी इथे बस.”

“अहो, पुन्हा तेच नको आता. मला खरंच नाही बघवत.”

“एकदाच. माझ्यासाठी.”

मास्तरांच्या तोंडून असं काही निघाल्याला बरीच वर्षं झाली होती. बाई बसल्या. मास्तर नेहमीसारखे शेजारी बसले आणि म्हणाले, “आता पडद्याकडे नको बघू. टेबलाखाली बघ. आणि मला काहीतरी भीतीचं सांग.”

“भीतीचं काय सांगू?”

“काहीही.”

बाईंनी जरा विचार केला. “मी एकटीने गाडी चालवत लेकीकडे निघाले आहे.”

मास्तरांची टाच उचलली गेली, चवडा पुढे सरकला आणि डब्यावरच्या लहान बटणावर जाऊन नेमका बसला. सवयीच्या जागी बसावा, तसा. वर पडदा काळा झाला. कंपनीचं चिन्ह उगवलं.

बाई टेबलाखाली वाकलेल्याच होत्या. त्यांची पाठ हलायला लागली तेव्हा मास्तरांचं धाबं दणाणलं.

“अगं, रडू नकोस. माझं चुकलं. मला खरंच माहीत नव्हतं. पाय माझा आहे, पण मला विचारून काही करत नाही तो.”

बाई वर आल्या. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांना बोलता येईना. त्या मास्तरांच्या पायाकडे बोट दाखवायच्या, सुयांच्या डबीकडे दाखवायच्या आणि पुन्हा हसायच्या. “फ्रिज बंद केलात!” त्या कशाबशा म्हणाल्या. “घंटीची वायर काढलीत!” मग मास्तरही हसायला लागले. इतके, की शेजारीण पुन्हा खिडकीशी आली.

त्यानंतर मास्तरांची रवानगी स्वयंपाकघरात झाली. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता, नुसती बाईंची पाठ दिसत होती. पाठीवरून काहीच कळत नाही, हे माहीत असूनही ते तिच्याकडेच बघत होते. पाय फरशीवर दाबला जात होता, पण फरशी काही बंद पडत नव्हती.

“झाला!” बाई मधेच म्हणाल्या. “पेनड्राइव्ह झाला. आता त्याच्यावरून सुरू करते.”

“येऊ का?”

“अजिबात नाही.”

बाईंनी संगणक पुन्हा सुरू केला, लेकीने सांगितलेलं बटण योग्य क्षणी दाबलं, आणि नवीन सिस्टीमने त्यांना भाषा विचारली, वेळ विचारली, नाव विचारलं. त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. कुणाला काही न विचारता. चहाची वेळ झाली तेव्हा पडद्यावर एक स्वच्छ निळं आकाश आलं होतं आणि कोपऱ्यात लिहिलं होतं, “स्वागत आहे.”

मास्तर दोन कप घेऊन आले. खुर्ची टेबलापासून लांब ठेवून, मांडी घालून बसले. बाई चहा पीत पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं हसू हळूहळू कमी झालं.

“अहो.”

“हं.”

“लग्नानंतर मी गाडी शिकत होते, तेव्हासुद्धा तुम्ही शेजारीच बसायचात.”

मास्तरांचा कप ओठापाशी थांबला.

“चार हात गेली की थांबायची,” बाई म्हणाल्या. “मला वाटायचं, आपल्याला नाही जमत.”

आता काहीतरी बोलणं भाग होतं. खोटं बोलायला मास्तरांना दोन-तीन चांगली कारणं सुचली. गाडी जुनी होती. क्लच कडक होता. पण समोर ते निळं आकाश होतं, आणि ते बाईंनी एकटीने आणलं होतं.

“जमत होतं तुला,” ते म्हणाले. “सगळ्यांत चांगलं जमत होतं. मीच घाबरायचो. इतरांपेक्षा जास्त.”

“का?”

“इतर माझी कोण लागत होती?”

बाईंनी कप खाली ठेवला, मास्तरांचा थंड झालेला कप घेतला आणि चहा गरम करून आणला. त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

सोमवारचा वर्ग उत्तम झाला. दहा-बारा बायका आपापल्या घरांतून बाईंच्या हातांकडे बघत काज शिवायला शिकल्या. मास्तर सगळा वेळ बाहेर गॅलरीत होते. वर्ग संपल्यावर बाई बाहेर आल्या. अंगावर चांगली साडी तशीच होती. त्यांनी खुंटीवरची शिकवणीच्या गाडीची किल्ली काढली आणि म्हणाल्या, “चला.”

शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर मास्तरांनी गाडी थांबवली आणि दोघं उतरली. बाई चाकापाशी बसल्या. मास्तर सवयीने वळसा घालून शेजारच्या दाराकडे निघाले.

“तिकडे नाही,” बाई म्हणाल्या. “मागे.”

“मागे? अगं, शिकणाऱ्याच्या शेजारी...”

“मागे.”

आपल्या गाडीत मागे बसण्याची मास्तरांची ही पहिलीच वेळ. मागे ऐसपैस जागा होती आणि पायाखाली रबरी चटईशिवाय काही नव्हतं. बाईंनी गाडी सुरू केली. ती चार हात गेली. मग आणखी चार हात गेली. मग जातच राहिली. मास्तरांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मैदानाच्या कडेने एक कुत्रं निवांत आडवं चालत आलं आणि मास्तरांचा पाय चटईवर धाडकन आदळला.

गाडी थांबली. अगदी हळू, कपातला चहा हिंदकळणार नाही अशी. ब्रेक बाईंनी लावला होता. कुत्रं निघून गेलं.

बाईंनी आरशातून मागे पाहिलं. “पुढे जायचं?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी चपला काढल्या, दोन्ही पाय सीटवर घेतले, मांडी घातली आणि म्हणाले, “हो.”